दोर नवा, वाट जुनी: सिंथेटिक दोराला फेअरलीड कसा निवडावा

विंचवरची जुनी वायर काढून सिंथेटिक दोर चढवायची सध्या लाट आहे आणि ती योग्यच आहे. वायर जड असते, तिचे तुटलेले तंतू हातात घुसतात आणि ताणाखाली तुटली तर ती कुणाच्या अंगावर येईल याचा नेम नसतो. दोर हलका, पाण्यावर तरंगणारा, हाताळायला सोपा. पण एवढा महागाचा दोर ड्रमवर गुंडाळायचा आणि बंपरच्या तोंडाशी मात्र वायरच्या जमान्यातला चार रोलरचा फेअरलीड, म्हणजे दोराला वाट दाखवणारी चौकट, तसाच ठेवायचा, असा प्रकार ऑफरोडिंगच्या कुठल्याही मेळाव्यात हमखास दिसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘चालतंय की!’ चालतं, पण काही दिवसच.

सिंथेटिक दोर नुसत्या ओझ्याने क्वचित तुटतो. तो खराब होतो घासून, चिमटून आणि तापून. हे तिन्ही एकाच ठिकाणी होऊ शकेल अशी जागा म्हणजे फेअरलीड. म्हणून दोर कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मी तरी तो ज्या धातूवरून जाणार त्यावर व्हायला हवी.

आधी दोराचा स्वभाव. हे तंतू एका खास प्रकारच्या पॉलिएथिलीनचे. बाजारात ते डायनिमा, स्पेक्ट्रा या नावांनी ओळखले जातात. विंचसाठी बहुतेक बारा पेडांचा, आतून पोकळ असा गोफ वापरतात. घनता सुमारे ०.९७, म्हणून तो बुडत नाही. वजनाच्या मानाने तो पोलादाला सहज मागे टाकतो. त्याची दुखरी बाजू उष्णतेची. तंतू वितळतात साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला, पण ताणाखाली असताना ६५-७० अंशांच्या वर गेलं की त्यांची ताकद उतरू लागते. मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी बंपरला हात लावून पाहा, म्हणजे ही मर्यादा किती जवळ आहे ते कळेल. दुसरी दुखरी बाजू धारेची. ताणलेल्या दोराला बारीकशी धार लागली तरी पेड झपाट्याने कापले जातात, आणि एकेक पेड गेला की उरलेल्यांवरचा भार वाढत जातो.

आता रोलर. चार रोलरचा फेअरलीड, दोन उभे आणि दोन आडवे, हा मुळात वायरसाठी आहे. वायर ताठ असते. तिला स्थिर धातूवरून ओढलं तर ती करवतीसारखं काम करते, म्हणून तिच्याबरोबर फिरणारे रोलर दिले. दोराला नेमकी हीच रचना अडचणीची ठरते. उभा आणि आडवा रोलर जिथे जवळ येतात तिथे कोपऱ्यात फट राहते. ताठ वायर त्या फटीत शिरत नाही. मऊ दोर मात्र ताणाखाली चपटा होतो आणि तिरप्या ओढीत कोपऱ्याकडे सरकत जाऊन त्या फटीत रुतून बसतो. एकदा अडकला की विंच त्याला ओढून काढते, आणि तेव्हा त्याचं जे होतं ते पाहवत नाही. शिवाय वर्षानुवर्षं वायर फिरलेल्या रोलरवर बारीक खाचा आणि बर, म्हणजे धातूचे बारीक कंगोरे, उठलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण दोराला लागते. तिसरी गोष्ट चिखलाची. रोलरच्या टोकांना माती जाऊन बसली, आतली बुश गंजली की रोलर फिरायचा थांबतो. मग तो रोलर राहत नाही, नुसती खरबरीत नळी उरते.

मग सिंथेटिक दोराला रोलर अजिबात चालतच नाही का? चालतो, पण अटी आहेत. रोलर कोरा हवा, त्याच्यावरून वायर कधीही गेलेली नसावी, कोपऱ्यातल्या फटी बंद केलेल्या असाव्यात आणि चारही रोलर बोटाने फिरवले तरी मोकळे फिरावेत. स्पर्धेत उतरणारे, ज्यांना वारंवार बाजूला ओढावं लागतं असे काही जण खास दोरासाठी बनवलेले रोलर वापरतात; फिरणाऱ्या पृष्ठभागावर घर्षण कमी होतं हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण दर मोहिमेनंतर रोलर उघडून साफ करण्याची त्यांची तयारीही असते. पावसाळ्यात चार-सहा वेळा बाहेर पडणाऱ्या माणसाने या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोलरच्या सेटचं वजन चार-पाच किलो, तेही गाडीच्या अगदी नाकावर. ॲल्युमिनियमचा हॉज, म्हणजे रोलर नसलेला फेअरलीड, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरतो आणि पुढेही कमी डोकावतो, त्यामुळे चढाच्या तोंडाशी बंपर टेकण्याची शक्यताही थोडी घटते.

हॉज फेअरलीड म्हणजे मधे लांबट, गोल कडांची फट असलेला एकसंध धातूचा ठोकळा. फिरणारं काहीच नाही. त्याचा सगळा गुण त्याच्या कडेच्या गोलाईत आणि गुळगुळीतपणात असतो, आणि खरेदी करताना नेमकं तेच न पाहता लोक रंग पाहतात. लाल, निळा, केशरी. गाडीला शोभतोही. पण तो रंग कशाने दिला आहे ते विचारा. पावडर कोटिंगचा जाड थर दोराच्या घासण्याने सोलपटून निघतो आणि सोललेल्या जागी कंगोरा तयार होतो. ॲनोडाइझ केलेला पृष्ठभाग धातूतच मुरलेला असतो. तो कडक असतो आणि असा सोलून निघत नाही. नुसता पॉलिश केलेला, रंग नसलेला हॉज दिसायला साधा, पण कामाला उत्तम.

ओतीव हॉज आणि ठोकळ्यातून सीएनसीवर कोरलेला हॉज यांच्या किमतीत बराच फरक असतो. ओतीव वाईटच असतो असं नाही, पण स्वस्तातल्या ओतीव मालात बारीक छिद्रं असतात आणि साच्याची रेघ कधी कधी नेमकी दोराच्या वाटेवर येते. कोरलेला हॉज बहुतेक ६०६१-टी६ या मिश्रधातूचा असतो. स्टेनलेस स्टीलचेही मिळतात. ते झिजत नाहीत हे खरं, पण ॲल्युमिनियम घासण्यातून निघालेली उष्णता झटकन पसरवून टाकतं आणि स्टेनलेस ती तिथल्या तिथे धरून ठेवतं. दोराच्या बाजूने पाहिलं तर ॲल्युमिनियम बरं.

जाडी हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बाजारात साधारण एक इंच आणि दीड इंच जाडीचे हॉज मिळतात. कडेची गोलाई किती मोठी देता येईल हे जाडीवर ठरतं. दहा मिलिमीटरचा दोर छोट्या गोलाईवर वळवला की त्याच्या बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात, आतले सैल पडतात आणि सगळा भार निम्म्या तंतूंवर येतो. मोठ्या गोलाईवर तो भार वाटला जातो. म्हणून जागा असेल तर जाडच घ्या. बंपर आणि ग्रिल यांच्यामध्ये विंच कोंबलेली असेल आणि पुढे काहीच डोकावू द्यायचं नसेल, तेव्हाच पातळाचा विचार करावा.

दुकानात हॉज हातात आला की आधी तो उलटा करा. पुढची बाजू सगळेच चकचकीत करतात. मागची, ड्रमकडची कड अनेक स्वस्त हॉजमध्ये जवळजवळ काटकोनात सोडलेली असते. दोर ड्रमवरून येताना कधी वरच्या थरावरून येतो, कधी खालच्या, म्हणजे मागच्या कडेवरही तो वरखाली, डावीउजवीकडे घासतोच. मग आतल्या सगळ्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवा. शंका आली तर कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे बर आहे. दुकानदार हसला तर हसू द्या.

मापाची गोष्ट थोडक्यात. ८,००० ते १२,००० पौंडांच्या वर्गातल्या विंचसाठी फेअरलीडच्या दोन बोल्टांमधलं अंतर जवळजवळ ठरलेलं आहे: दहा इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर. लहान एटीव्हीच्या विंचला १२४ मिलिमीटर आणि रुंद ड्रमच्या यूटीव्ही विंचला १५२ मिलिमीटर. ऑनलाइन मागवताना नाव न पाहता हे अंतर पाहा. ‘युनिव्हर्सल’ या शब्दावर विसंबू नका.

फेअरलीड चांगला निवडला तरी काम निम्मंच झालं, कारण त्याच्या मागे काय आहे हे कुणी वाकून पाहत नाही. इथल्या बऱ्याच गाड्यांचे विंच बंपर स्थानिक फॅब्रिकेटरने बनवलेले असतात. प्लाझ्माने किंवा गॅसने कापलेल्या जाड पत्र्याला फट पाडलेली असते आणि तिच्या कडा कापल्या तशाच असतात. पुढून चकचकीत हॉज, आणि त्याच्या मागे पाव इंच आत आलेला धारदार पत्रा. ड्रमच्या टोकाकडून दोर येऊ लागला की तो हॉजला लागण्याआधी या पत्र्याला लागतो. म्हणून हॉज बसवण्याआधी तो फटीवर धरून पाहा आणि पत्र्याची कड हॉजच्या तोंडात कुठे डोकावते का ते बघा. डोकावत असेल तर फट रुंद करून घ्या, नुसती कानस मारून भागवू नका. फॅब्रिकेटरला सुरुवातीलाच सांगितलं तर त्याला हे पाच मिनिटांचं काम. बंपरला रंग लावून झाल्यावर तोच कुरकुर करतो.

याच वेळी आणखी दोन गोष्टी तपासा. एक, ड्रमचा मध्य आणि फेअरलीडचा मध्य एका रेषेत येतो का. मोटर आणि गिअरबॉक्स यांची लांबी वेगळी असलेल्या विंचमध्ये ड्रम एका बाजूला सरकलेला असतो. अशा विंचसाठी बंपरची फटही तेवढीच सरकवावी लागते. दोन, विंचच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. दोर भरत आला की सर्वांत वरचा थर या दांड्यांना घासतो आहे का ते पाहा. घासत असेल तर दोर गरजेपेक्षा लांब आहे. चार-पाच मीटर कापून शेवटचं टोक पुन्हा गुंफून घेतलेलं परवडतं.

आता कोनाकडे येऊ, कारण उत्तमातला उत्तम हॉजही चुकीच्या कोनापुढे हात टेकतो. ९,५०० पौंडांची विंच म्हणजे जवळपास ४,३०० किलोंची ओढ. दोर सरळ पुढे जात असेल तर फेअरलीडवर भार जवळजवळ नाही. तो फक्त वाट दाखवतो. दोर ३० अंशांनी वळला की फेअरलीडवर दोरातल्या ताणाच्या निम्मा भार येतो. ४५ अंशांना तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्त. आणि ६० अंशांना पूर्ण ताणाइतका, म्हणजे ४,३०० किलो, दोन बोल्टांवर आणि बंपरच्या पत्र्यावर. आपण गाडी काढायला निघालो आणि फेअरलीडच उपटून हातात आला, अशी वेळ बहुधा या कोनातून येते. घर्षणाचा हिशेबही करून पाहा: घर्षणांक ०.१ ते ०.१५ धरला तर ४५ अंशांच्या वळणावर साधारण आठ ते बारा टक्के ओढ हॉजपाशीच खर्ची पडते आणि तिची उष्णता होते, तीही दोराच्या त्याच तुकड्यापाशी. शिवाय बाजूला ओढताना दोर ड्रमच्या एकाच टोकाला ढीग करून बसतो, तो वेगळाच ताप.

उपाय साधा आहे, पण चिखलात उभं राहिल्यावर तो करायचा कंटाळा येतो. समोर, शक्यतो गाडीच्या रेषेत, एखाद्या भक्कम झाडाला रुंद पट्टा बांधा; त्याला स्नॅच ब्लॉक किंवा सॉफ्ट शॅकलमध्ये अडकवलेली ॲल्युमिनियमची रिंग लावा आणि वळण तिथे घ्या. मग दोर फेअरलीडमधून सरळ निघतो आणि बाजूचा भार झाडावर जातो. मात्र त्या झाडावर, पट्ट्यावर आणि शॅकलवर दोराच्या ताणाच्या जवळपास दुप्पट भार येऊ शकतो हे धरूनच त्यांची निवड करा. तेवढं झाड मिळत नसेल तर थोडं ओढा, गाडीचं नाक सरळ होऊ द्या, थांबा, ड्रमवरचा ढीग सोडवा आणि पुन्हा ओढा. सलग तिरपं ओढत राहण्यापेक्षा यात दहा मिनिटं जास्त जातात, एवढंच.

चिखलाबद्दल सह्याद्रीत आणि कोकणात फिरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रेनफॉरेस्ट चॅलेंज या मूळच्या मलेशियातल्या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात सुरू झाली, तीही भर पावसाळ्यात. तिथल्या लाल चिखलात विंच हे जवळजवळ दुसरं इंजिन असतं. हा चिखल जांभ्याचा. त्यात बारीक, टोकदार कण असतात. ते गोफाच्या पेडांमध्ये शिरतात आणि प्रत्येक ओढीत तंतूंना आतून कुरतडतात. तोच कणांनी भरलेला दोर हॉजवरून गेला की हॉजही घासतो. जुन्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने पाडलेल्या खाचा आपण पाहिल्या आहेत; मऊ दोराने दगड कापला तो असाच, आत अडकलेल्या रेतीच्या जोरावर. हॉजच्या खालच्या कडेवर, नेहमी दोर जातो त्या जागी, उथळ पन्हळ दिसू लागली तर घाबरू नका. ती गुळगुळीत असेल तर चालेल. तिच्या काठाला कंगोरा उठला असेल तर तो घालवा. देशावरच्या काळ्या मातीची तऱ्हा निराळी. ती कापत नाही, चिकटते. वाळली की हॉजच्या तोंडात लिंपल्यासारखी बसते, आणि खडे धरून ठेवते.

घरी आल्यावर दोर पूर्ण सोडा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. प्रेशर वॉशरची धार गोफात जवळून मारू नका; ती माती बाहेर काढण्याऐवजी आत ढकलते. दोर बाहेर आहे तोवर हॉज पुसून पुन्हा अंगठा आणि कापूस. ओरखडा नुसता नखाला लागत असेल तर ४००, मग ८००, मग १,२०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासकट, दोराच्या दिशेने फिरवा. नख आत बसत असेल तर आधी अर्धगोल कानशीने त्याचे काठ दोन्हीकडे लांबवर पसरट करा. फक्त खाचेतच कानस मारली तर खाच खोल होते. दोर परत गुंडाळताना सौम्य चढावर गाडीचंच वजन ओढत गुंडाळा. सैल गुंडाळलेला दोर पुढच्या ओढीत खालच्या थरांत घुसून अडकतो. ड्रमवर निदान दहा वेढे कायम राहू द्या. आणि ड्रमच्या आत ब्रेक असलेली विंच असेल तर उतारावर भार घेऊन मोटरने दोर सोडत राहू नका. तिथली उष्णता थेट पहिल्या थराला लागते.

हॉजवरचे निम्मे घाव दोराचे नसतात, हुकाचे असतात. शेवटचा मीटर गुंडाळताना रिमोटचं बटण क्षणभर जास्त दाबलं की पोलादी हुक ॲल्युमिनियमच्या तोंडावर आदळतो, नेमका तिथे जिथून दोर जायचा असतो. शेवटी बटण टिचक्या मारल्यासारखं दाबा, हुकाआधी रबरी स्टॉपर घाला आणि हुक हॉजमध्ये ओढून ताणण्याऐवजी रिकव्हरी पॉइंटला अडकवून ठेवा. दोर तुटला तर वायरपेक्षा कमी उसळतो हे खरं, पण त्याच्या टोकाला असलेलं लोखंड उडतंच. दोरावर जड चादर टाकणं आणि आजूबाजूच्या माणसांना लांब उभं करणं सोडू नका.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी काळजी. ॲल्युमिनियमचा हॉज, लोखंडी बंपर, स्टेनलेसचे बोल्ट आणि खारी हवा एकत्र आली की ॲल्युमिनियमला बोल्टांभोवती पांढरी भुकटी येऊ लागते आणि दोन वर्षांनी बोल्ट पान्याला दाद देत नाही. बसवतानाच धातूंमध्ये नायलॉनचे वायसर आणि आट्यांना अँटी-सीझ लावलं की सुटका. पावसाळा संपला की बोल्ट एकदा सोडून पुन्हा कसा.

शेवटी कायद्याचं. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्ड लावणं हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलं आहे. विंच बंपर बनवून घेताना हे लक्षात असू द्या. एअरबॅगच्या सेन्सरपुढे लोखंड उभं करणं तसंही शहाणपणाचं नाही. त्याहून रोजचा प्रश्न नंबर प्लेटचा. विंच बसली की प्लेटची जागा जाते आणि बरेच जण ती थेट हॉजच्या तोंडासमोर लावतात. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची आहे आणि ती एकदाच लागणाऱ्या कुलपी रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे दर वेळी काढून ठेवता येत नाही. मग दोर बाहेर काढताना लोक ती हाताने वाकवतात, आणि प्लेटच्या पातळ पत्र्याची कड ताणलेल्या दोराला लागते. प्लेटची चौकट बिजागरीवर बसवून घ्या, म्हणजे ती प्लेटसकट वर उचलून अडकवता येते. रस्त्यावर असताना प्लेट खाली आणि पूर्ण दिसणारी. विंचचा क्लच सोडण्याआधी वर.